कारखान्याबाहेरचा कारागीर

मँचेस्टरच्या हल्म भागात कुक स्ट्रीट नावाची एक गल्ली होती. तिथल्या एका छोट्या कारखान्यात एका पोऱ्याकडे वेगळेच काम असे, असे सांगतात. हातात दुधाचा पेला घेऊन मालकाच्या मागे मागे हिंडायचे आणि मालक एखाद्या यंत्रापाशी क्षणभर थांबला, की तो पेला त्याच्या हातात द्यायचा. मालकाला जेवणाची आठवण राहत नसे. पुढे काही वर्षांनी या माणसाला त्याच्याच कारखान्यापासून दूर ठेवावे लागले आणि त्याच्या आयुष्यातली शेवटची वीस-एकवीस वर्षे कारखान्याबाहेरच गेली. त्या माणसाचे नाव फ्रेडरिक हेन्री रॉइस. 'रोल्स-रॉइस' या जोडनावाचा उत्तरार्ध.

रोल्स-रॉइस म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे राजेरजवाडे येतात. पण ज्याने ती गाडी घडवली, तो जन्माने राजवाड्याच्या आसपासचाही नव्हता. २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या आल्वाल्टन गावी तो जन्मला. पाच भावंडांत धाकटा. वडील पिठाची गिरणी चालवत. ती बुडाली, कुटुंब लंडनला आले आणि रॉइस नऊ वर्षांचा असताना वडील वारले. पोरगा रस्त्यावर वर्तमानपत्रे विकू लागला, पुढे घरोघरी तारा पोचवू लागला. शाळा पुरती वर्षभरच वाट्याला आली.

चौदा-पंधराव्या वर्षी नशिबाने एक दार किलकिले केले. नात्यातल्या एका बाईने वर्षाला २० पौंड भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवले. कानस, छिन्नी, लेथ यांच्याशी त्याची ओळख तिथलीच. तीन वर्षांनी त्या बाईंकडचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. म्हणजे पुढे ज्याच्या कामाची जगाने मापे घेतली, त्याच्याकडे फिटरचे पुरते प्रशिक्षणही नव्हते. लीड्समध्ये हत्यारे बनवण्याचे काम, मग लंडनमध्ये विजेच्या कंपनीत नोकरी, मग लिव्हरपूलमध्ये रस्ते आणि नाट्यगृहे विजेने उजळण्याचे काम, अशी वणवण झाली. १८८४ साली, एकविसाव्या वर्षी, साठवलेले २० पौंड त्याने बाहेर काढले. अर्नेस्ट क्लेरमाँट या मित्राने ५० पौंड घातले आणि कुक स्ट्रीटवर कारखाना सुरू झाला. आधी विजेच्या घंटा, मग डायनामो, मग विजेवर चालणाऱ्या क्रेन. माल चोख होता. नाव झाले.

बोअर युद्धानंतर मंदी आली. जर्मनीतून, अमेरिकेतून स्वस्त क्रेन येऊ लागल्या. दर्जा थोडा उतरवून किंमत कमी करणे हा व्यवहारी मार्ग समोर होता. रॉइस त्याला तयार नव्हता. याच सुमारास त्याची प्रकृती ढासळली आणि त्याने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. देकोव्हिल कंपनीची, दोन सिलिंडरची. ती गाडी त्या काळाच्या मानाने वाईट नव्हती. पण रॉइसने ती सोडवून एकेक भाग टेबलावर मांडला आणि हा असाच का, हा प्रश्न प्रत्येकाला विचारला. मग तशाच तीन गाड्या स्वतः बनवायच्या असे त्याने ठरवले.

रॉइसच्या कामाची रीत इथेच दिसते. मूलगामी शोध लावणाऱ्यांतला तो नव्हता. जे आहे त्यातले उत्तम उचलायचे आणि त्यातली उणीव हटेपर्यंत त्याच्या मागे लागायचे, हा त्याचा स्वभाव. त्या काळच्या मोटारी रस्त्यात बंद पडत, त्या पुष्कळदा पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीच्या दोषामुळे. रॉइस मुळात विजेचा माणूस. त्याने ठिणगीची व्यवस्था स्वतः आखली, कार्बुरेटर स्वतः आखला, आवाज दबावा म्हणून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर मेहनत घेतली. १ एप्रिल १९०४ रोजी त्याची पहिली दहा अश्वशक्तीची गाडी रस्त्यावर आली.

लंडनमध्ये चार्ल्स रोल्स नावाचा एक उमराव-पुत्र परदेशी गाड्या विकत असे. केंब्रिजमध्ये शिकलेला, बलूनमधून उडणारा, गाड्यांच्या शर्यतीत भाग घेणारा. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघांची भेट झाली. एकजण उमराव घराण्यातला, दुसरा तारा वाटलेला. दोन सिलिंडरच्या गाड्या रोल्सला आवडत नसत, पण या गाडीत बसल्यावर त्याचे मत बदलले. रॉइसने बनवावे आणि रोल्सने विकावे असा करार त्याच वर्षी डिसेंबरात झाला. मार्च १९०६ मध्ये कंपनी उभी राहिली. रोल्सचा भागीदार क्लॉड जॉन्सन तिचा व्यवस्थापक झाला. दोन नावांमधली जोडरेघ म्हणजेच जॉन्सन, असे लोक म्हणत.

पहिली मोठी परीक्षा सहा सिलिंडरच्या इंजिनाने घेतली. सिलिंडर वाढवले की गाडी मऊ चालेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. पण लांबलचक क्रँकशाफ्ट मोडू लागले. कारण असे, की प्रत्येक स्फोटागणिक तो दांडा ओल्या धोतरासारखा किंचित पिळला जातो आणि पुन्हा उलगडतो. एका विशिष्ट वेगाला स्फोटांचा ताल आणि पिळाचा ताल जुळतो, पीळ वाढत जातो आणि पोलाद हार खाते. १९०६ च्या अखेरीस आलेल्या ४०/५० अश्वशक्तीच्या नव्या इंजिनात रॉइसने दांडा जाड केला, सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत मांडले, दांड्याला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार दिला आणि तिथे दाबाने तेल पोचवले. इंजिनाचे आकारमान होते ७,०३६ घनसेंटिमीटर.

या मालिकेतल्या एका गाडीला जॉन्सनने रुपेरी रंग दिला आणि 'सिल्व्हर घोस्ट' असे नाव दिले. १९०७ साली तिला लंडन-ग्लासगो मार्गावर १५,००० मैल पळवले. ६२९ व्या मैलावर धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली आणि गाडी थांबली. त्यानंतरचे १४,३७१ मैल ती कुठल्याही बिघाडाने थांबली नाही. नंतर गाडी सोडवून झिजलेले भाग बदलले, त्यांचा खर्च दोन पौंडांच्या थोडा वर आला. १९०८ साली याच जातीची एक गाडी आपल्याकडे आली. मुंबई ते कोल्हापूर अशा चाचणीत घाट चढत-उतरत ६२० मैलांचे अंतर तिने विनाबिघाड कापले आणि मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली.

मागणी वाढली, तशी कुक स्ट्रीटची जागा अपुरी पडली. डर्बी शहराने स्वस्त वीज देऊ केली आणि ९ जुलै १९०८ रोजी तिथे नवा कारखाना उघडला. त्याची आखणी रॉइसने जातीने केली, आणि शरीराची हेळसांडही तशीच चालू ठेवली. १२ जुलै १९१० रोजी रोल्स बोर्नमथ येथे विमान कोसळून गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी रॉइस अंथरुणाला खिळला. १९१२ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी थोडक्या महिन्यांची मुदत दिली.

बँकेत असताना लघुउद्योजकांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. त्यांत एक प्रश्न कागदावर नसला तरी मनात असायचा. हा माणूस उद्या आजारी पडला, तर हे वर्कशॉप चालेल का? चांगल्या कारागिराच्या बाबतीत उत्तर बहुधा नाही असे यायचे, कारण सगळी विद्या त्याच्या बोटांत असायची. तारण म्हणून यंत्रे लिहून घेता येतात, बोटे लिहून घेता येत नाहीत. १९११ मध्ये रोल्स-रॉइस कंपनी नेमकी या जागी उभी होती.

जॉन्सनने काढलेली वाट विलक्षण होती. तो रॉइसला मोटारीत घालून दूरच्या प्रवासाला घेऊन गेला. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठचे ल कानादेल हे गाव रॉइसला आवडले, तेव्हा जॉन्सनने तिथेच त्याच्यासाठी घर बांधवून घेतले आणि जवळच त्याच्या ड्राफ्ट्समनची सोय केली. हिवाळा तिथे आणि उन्हाळा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, असा क्रम लागला. आधी केंटमध्ये आणि १९१७ पासून वेस्ट विटरिंग या खेड्यात. डर्बीला जायचे नाही.

यात मित्राची माया होती, तसा व्यवस्थापकाचा हिशेबही होता. ढिसाळ काम दिसले की रॉइसचा तोल जाई आणि तो माणसाला तिथल्या तिथे कामावरून काढी. तो आवारात नसला, की उत्पादन सुरळीत चालते हे जॉन्सनला ठाऊक होते. रॉइसला काय वाटले असेल? ज्याने आयुष्यभर कारखान्यापलीकडे काही पाहिले नाही, त्याला बाग, समुद्र आणि मोकळी हवा मिळाली. संसार मात्र सुटला. पत्नी मिनी वेगळी राहू लागली. एथेल ऑबिन या परिचारिकेने त्याला अखेरपर्यंत सांभाळले. तिच्या शिस्तीमुळे तो जगला, मुदतीपेक्षा वीसहून अधिक वर्षे.

आणि इथेच ती किमया घडली. हाताने दाखवायची सोय राहिली नाही, तेव्हा रॉइसला सगळे कागदावर उतरवावे लागले. प्रत्येक ड्रॉइंग, प्रत्येक शंका, प्रत्येक कारण. कागद टपालाने डर्बीला जात. तिथे अर्नेस्ट हाइव्ह्ज आणि त्याची माणसे तो भाग बनवून मोडेपर्यंत चालवून पाहत आणि अहवाल परत येई. पहिल्या महायुद्धात सरकारने इतरांची विमान-इंजिने बनवायला सांगितली, तेव्हा रॉइसने स्वतःचे 'ईगल' आखले. बारा सिलिंडरचे, सुमारे २० लिटरचे. १९१५ च्या सुरुवातीला ते चालले तेव्हा २२५ अश्वशक्ती देत होते. युद्ध संपेपर्यंत ती ३६० झाली. या काळातली रॉइसची टिपणे आणि पत्रे जॉन्सनने छापून बांधून घेतली, नव्या अभियंत्यांनी अभ्यासावीत म्हणून. कंपनीत त्या ग्रंथाला बायबल म्हणत. बोटांतली विद्या कागदावर आली ती अशी. जून १९१९ मध्ये ॲलकॉक आणि ब्राउन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला, तो दोन 'ईगल' इंजिनांच्या जोरावर.

कागद मात्र सगळे नेऊ शकत नाही, हेही दिसले. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे १९२१ मध्ये कारखाना सुरू झाला. डर्बीहून जाणकार कामगार पाठवले, माल उत्तम निघाला. पण नव्या मॉडेलसाठी पुन्हा यंत्रे बदलण्याचा खर्च आणि महामंदी यांपुढे तो टिकला नाही. १९३१ पर्यंत तीन हजारांच्या आत गाड्या बनवून तो बंद पडला.

१९२६ मध्ये जॉन्सन गेला. रॉइस आता एकटा उरला होता, पण थांबला नव्हता. १९२८ च्या शरदात वेस्ट विटरिंगच्या किनाऱ्यावर काठीने वाळूत रेघा ओढत त्याने सहकाऱ्यांना विमानांच्या शर्यतीसाठीच्या इंजिनाची कल्पना समजावली, अशी हकीकत आहे. ते 'आर' इंजिन, ३६.७ लिटरचे. १९२९ मध्ये त्याने श्नायडर करंडक जिंकून दिला. १९३० मध्ये रॉइसला सर पदवी मिळाली. १९३१ मध्ये करंडक कायमचा ब्रिटनकडे आला आणि त्याच महिन्यात त्या इंजिनाने विमानाला ताशी ४०० मैलांपलीकडे नेले.

२२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंगच्या घरी रॉइस वारला. आदल्या रात्री त्याने पलंगावर बसून गाडीच्या धक्काशोषकाची एक सुधारणा पाकिटाच्या पाठीवर रेखाटली आणि ती डर्बीला पाठवायला सांगितली, असे म्हणतात. त्याच्या निधनामुळे गाडीवरची लाल अक्षरे काळी झाली ही गोष्ट मात्र खरी नाही. गाड्यांच्या रंगांशी लाल रंग जुळत नाही, म्हणून तो बदल आधीच ठरला होता. रॉइसच्या अस्थी पुढे आल्वाल्टनच्या चर्चमध्ये नेल्या.

तो गेल्यानंतर सहा महिन्यांच्या आत डर्बीत 'मर्लिन' इंजिन पहिल्यांदा फिरले. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमाने त्यावर उडाली. डर्बी अपुरी पडली, तेव्हा क्रू, ग्लासगो आणि अमेरिकेतही ते बनू लागले. मँचेस्टरमध्ये हे काम फोर्ड कंपनीने घेतले. स्टॅन्ली हुकर या अभियंत्याने आपल्या आत्मचरित्रात एक आठवण नोंदली आहे. फोर्डची माणसे म्हणाली, की या ड्रॉइंगवरून आम्हाला इंजिन बनवता येणार नाही. हुकरला वाटले, मापे फार काटेकोर असतील. निघाले उलटेच. फोर्डला ती मापे ढिली वाटली. डर्बीत उरलेला सूक्ष्म फरक फिटर हाताने कानस मारून जुळवत असे. तो कागदावर कधी आलाच नव्हता. ड्रॉइंग नव्याने करावी लागली.

पुढचा इतिहास वळणावळणाचा आहे. १९४६ पासून गाड्या क्रू येथे बनू लागल्या. १९७१ मध्ये जेट इंजिनाच्या खर्चाने कंपनी बुडाली आणि सरकारने ती वाचवली. मोटारींचा आणि विमान-इंजिनांचा संसार वेगळा झाला. १९९८ च्या सौद्यात क्रूचा कारखाना फोक्सवॅगनकडे, तर गाडीचे नाव बीएमडब्ल्यूकडे गेले.

बीएमडब्ल्यूने २००३ मध्ये गुडवुड येथे नवा कारखाना उघडला. मँचेस्टरपासून दूर, डर्बीपासून दूर, दक्षिण किनाऱ्याजवळ. वेस्ट विटरिंगचा किनारा तिथून मोटारीने अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. ज्या माणसाला कारखान्यात जायची मनाई होती, त्याच्या घराशेजारी सत्तर वर्षांनी कारखानाच चालत आला.