नसेच्या आत डोकावणारे डॉ. खानोलकर

कुष्ठरोग म्हणजे कातडीचा आजार, असा समज आपल्या खान्देशात आजही आहे. खरे तर तो आधी नसांचा आजार आहे. हे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यासणाऱ्यांत एक मराठी नाव आघाडीवर होते: डॉ. वसंत रामजी खानोलकर.

त्यांचा जन्म 1895 चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते लंडनला गेले आणि 1923 मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. झाले. परतल्यावर मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या. 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. आजाराचे मूळ शोधताना ते लोकांच्या सवयीही पाहत. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट धोतर बांधल्याने त्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्यांनी 1945 मध्ये केली.

कुष्ठरोगातही त्यांची नजर चट्ट्यावर थांबली नाही. अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे तपासून त्यांनी त्वचेतल्या बारीक नसांत जंतूंचा माग काढला. नसेच्या तंतूभोवती श्वान पेशींचे वेष्टन असते. जंतू तिथेच लपून बसतात.

इथे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काम समजून घेण्यासारखे आहे. हातापायाची नस तुटली की रक्तातून भक्षक पेशी तिथे धावतात आणि तुटका भाग साफ करतात. मग श्वान पेशी वाट आखतात आणि नवा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कुष्ठरोगात मात्र जंतूंशी लढताना याच पेशी नसेला सूज आणतात आणि तिची हानी करतात. मेंदूत ही साफसफाई फार संथ चालते, वाढीला अडवणारे घटकही असतात. म्हणून तिथले तुटलेले तंतू सहसा पुन्हा वाढत नाहीत; लकव्यात मेलेल्या चेतापेशीही परत येत नाहीत. काही पांढऱ्या पेशी अशा तंतूंना पुन्हा वाढायला मदत करतात, असे 2020 मध्ये अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगांत दिसले. पण तो अजून उपचार नाही. त्याच्या नावाखाली कोणी महागडे इंजेक्शन देऊ केले, तर जमीन गहाण टाकू नका.

खानोलकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पद्मभूषण ठरले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणीही त्यांचीच. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अभ्यासाचा धडा आमच्या ओपीडीत रोज उपयोगी पडतो. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस घरीच राहतो. भाकरी करताना चटका बसलेला कळत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, करंगळी वाकडी होते, तेव्हा कुठे तो येतो. तोवर नस बरीच गेलेली असते. नस अधू होऊन सहा महिने उलटले नसतील, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती वाचण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती कमी होत जाते.

फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही, तर आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सहा ते बारा महिन्यांची औषधे तिथे मोफत मिळतात. स्पर्श कळला, तरी चट्टा हटत नसेल तर एकदा दाखवून घ्याच.