बॅटरसीचे खासदार शापूरजी सकलातवाला

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायची ठरली आणि कार्यकर्त्यांनी मला लेख द्यायला सांगितलं. दरवर्षी मी बाबासाहेबांच्या कामगार चळवळीवर लिहितो. यंदा वेगळ्या माणसावर लिहावंसं वाटलं. त्याला कारण घडलं.

आपल्या वस्तीतला एक मुलगा शिकून इंग्लंडला नोकरीला गेला. सगळ्यांनी पेढे वाटले, विहारात त्याचा सत्कार केला. चार महिन्यांनी एका रात्री त्याचा फोन आला. आगगाडीत एका गोऱ्याने त्याला आपल्या देशात चालता हो म्हणून सुनावलं होतं. त्याचं त्याला वाईट वाटलंच. पण जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं होतं. तो ज्या आपल्याकडच्या पोरांबरोबर खोली करून राहत होता, त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं पूर्ण आडनाव विचारलं, आणि मग भांडी वेगळी झाली. पोरगा मला म्हणाला, काका, परत येऊ का? मी त्याला परत ये म्हटलं नाही. मी त्याला शापूरजी सकलातवाला यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यापुढे मांडतो.

लाल बावट्याच्या सभांना बसलेल्या जुन्या गिरणी कामगारांच्या कानावर हे नाव नक्की आलेलं असणार. आजच्या पोरांना ते ठाऊक नाही.

शापूरजींचा जन्म २८ मार्च १८७४ रोजी आपल्या याच मुंबईत झाला. घराणं पारशी आणि श्रीमंत. त्यांची आई जेरबाई ही जमशेटजी टाटा यांची सख्खी बहीण. म्हणजे ज्यांनी नागपूरची एम्प्रेस मिल काढली, मुंबईत स्वदेशी मिल चालवली, त्या गिरणीमालकाचा हा भाचा. सेंट झेवियर्समध्ये शिक्षण झालं. या माणसाला आयुष्यात काही कमी पडायचं कारण नव्हतं. गादीवर बसून हिशेब तपासले असते तरी म्हातारपण सुखात गेलं असतं.

पण १८९६ साली मुंबईत प्लेग आला. चाळीच्या चाळी ओस पडल्या. गिरण्यांतली माणसं गावाकडे पळाली. त्या वेळी डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि तरुण शापूरजी त्यांच्या कामात मदतीला गेले. गरिबांच्या खोल्यांत ते प्रथम शिरले ते तेव्हा. बारा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन कुटुंबं कशी राहतात, मोरीत पाणी कसं तुंबतं, आजार आधी कोणाच्या दारात येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. याच काळात युरोपियनांच्या एका क्लबात कामानिमित्त जायची वेळ आली, तर हिंदी माणूस म्हणून त्यांना दारातच अडवण्यात आलं. टाटांचा भाचा असूनही! पैसा होता, शिक्षण होतं, अंगावर कपडे चांगले होते, पण कातडीचा रंग आड आला. आपल्या लोकांना या गोष्टीचं नवल वाटणार नाही. दारात अडवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्या बापजाद्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. पण श्रीमंत घरच्या मुलाला तो धडा नवा होता, आणि तो त्यांनी जन्मभर विसरला नाही.

पुढे मामांच्या कंपनीसाठी लोखंड आणि कोळशाच्या खाणी शोधायला ते बिहार-ओरिसाच्या जंगलात हिंडले. त्यात हिवतापाने तब्येत ढासळली. औषधोपचारासाठी आणि टाटांचं काम पाहण्यासाठी १९०५ साली ते विलायतेला गेले. तिथे डर्बीशायरमध्ये मॅटलॉक या गावी पाण्याच्या उपचारांसाठी राहिले असता सारा मार्श नावाची मुलगी त्यांना भेटली. ती तिथे जेवणाच्या टेबलावर वाढायचं काम करीत होती. घरी भावंडांचं खटलं मोठं. कष्टकऱ्याची मुलगी. १९०७ साली दोघांनी लग्न केलं. एक टाटांचा भाचा आणि एक वाढपी मुलगी; एक काळा आणि एक गोरी; एक पारशी आणि एक ख्रिस्ती. त्या काळात या लग्नाकडे दोन्ही बाजूंचे लोक कोणत्या नजरेने बघत असतील याची कल्पना आपण करू शकतो. आंतरजातीय लग्न केलेली जोडपी आपल्या वस्तीतही आहेत. त्यांना विचारा. पण तो संसार शेवटपर्यंत टिकला. पाच मुलं झाली.

परक्या देशात माणूस दोन तऱ्हेने राहतो. एक तर तोंड मिटून, मान खाली घालून, आपण इथले नाही असं समजून. नाही तर तिथल्या लोकांच्या सुखदुःखात शिरून. सकलातवालांनी दुसरी तऱ्हा धरली. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर. तिथे १९०९ साली ते कामगारांच्या स्वतंत्र मजूर पक्षात गेले. लंडनला आल्यावर कारकुनांच्या युनियनमध्ये काम केलं. गोऱ्या कामगाराच्या संपात उभं राहायचं, त्याच्या सभेत बोलायचं, आणि तिथेच त्याला विचारायचं, की बाबा रे, मुंबईच्या गिरणीत तुझाच भाऊ तुझ्याहून किती कमी पगारावर राबतो, हे तुला माहीत आहे का? त्याचा पगार वाढला नाही तर उद्या मालक तुझा पगार कापणार. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मित्रांच्या मदतीने हिंदी कामगारांच्या हितासाठी विलायतेत एक संघटना उभी केली. १९२० साली मुंबईत आयटकची स्थापना झाली, त्यानंतर तिचं तिकडचं काम हीच संघटना पाहत असे.

तो काळ साधा नव्हता. युद्ध संपल्यावर १९१९ साली लिव्हरपूल, कार्डिफ अशा बंदरांत काळ्या खलाशांवर दंगली झाल्या. घरं फोडली, माणसं मारली. आपल्या कोकणातले, गोव्यातले कितीतरी लोक बोटीवर खलाशी म्हणून जात. त्यांना गोऱ्या खलाशापेक्षा फार कमी पगार आणि जागा अपुरी. १९२५ साली तर सरकारने हुकूम काढला, की काळ्या परदेशी खलाशांनी पोलिसात नोंद करावी. ब्रिटिश प्रजा असलेल्या हिंदी खलाशांनाही त्याचा जाच झाला, कारण आपण ब्रिटिश प्रजा आहोत याचे कागद त्यांच्याकडे कुठून असणार? कागद दाखव, नाही तर तू इथला नाहीस. आजही गरीब माणसाला हाच प्रश्न विचारला जातो.

अशा त्या देशात १९२२ साली लंडनच्या बॅटरसी नॉर्थ या कामगार वस्तीने शापूरजी सकलातवालांना पार्लमेंटवर निवडून दिलं. ते कम्युनिस्ट पक्षाचे होते, पण मजूर पक्षाच्या पाठिंब्याने उभे होते. त्यांच्याआधी दादाभाई नौरोजी आणि मंचेरजी भावनगरी हे दोघे मुंबईकर पारशी तिथे निवडून आले होते. दादाभाई १८८६ साली हरले, त्यावर पुढे इंग्लंडच्या पंतप्रधानाने भर सभेत म्हटलं होतं, की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देतील असं आपल्याला वाटत नाही. पण १८९२ साली दादाभाई अवघ्या काही मतांनी का होईना, निवडून आले. बॅटरसीत सकलातवालांचा निवडणुकीचा कारभार पाहत होते जॉन आर्चर. हे आर्चर लिव्हरपूलला जन्मलेले, बाप बार्बेडोस बेटावरचा काळा माणूस, आई आयरिश. १९१३ साली ते बॅटरसीचे महापौर झाले होते. एक काळा आणि एक हिंदी, अशा दोघांनी मिळून गोऱ्या कामगारांच्या वस्तीत निवडणूक जिंकली. ती कशी? रोज दारोदार जाऊन. भाडेकरूंच्या तक्रारी, बेकारांचा भत्ता, पोरांचं दूध, असे चुलीजवळचे प्रश्न हातात घेऊन. पोट दुखत असताना जो धावून येतो त्याची जात कोणी विचारत नाही, निदान पहिल्यांदा तरी.

१९२३ साली ते १८६ मतांनी पडले. पुढे मजूर पक्षाने कम्युनिस्टांना उमेदवारी न देण्याचं ठरवलं. तरी १९२४ साली ते कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले आणि ५४२ मतांनी निवडून आले. पार्लमेंटात ते हिंदुस्थानच्या कामगारांवर इतकं बोलत की लोक त्यांना हिंदुस्थानचे खासदार म्हणू लागले.

याचं मोलही त्यांना द्यावं लागलं. टाटांची नोकरी १९२५ साली सुटली. त्याच वर्षी अमेरिकेत जगभरच्या पार्लमेंट सदस्यांची परिषद होती. ब्रिटिश शिष्टमंडळात त्यांचं नाव होतं, तर अमेरिकेने ऐन वेळी व्हिसा रद्द केला. १९२६ साली इंग्लंडमध्ये खाण कामगारांसाठी सार्वत्रिक संप झाला. मे दिनाच्या सभेत त्यांनी सैनिकांना कामगारांवर गोळ्या न झाडण्याचं आवाहन केलं. लगेच अटक झाली. चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी नकार दिला आणि दोन महिने तुरुंगात काढले. पार्लमेंटचा सभासद तुरुंगात!

१९२७ साली ते हिंदुस्थानात आले. मुंबईसह ठिकठिकाणी सभा घेतल्या. गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. चरख्याने कामगाराचं पोट भरणार नाही, कामगाराची संघटना करा, असा त्यांचा आग्रह होता. लोकांनी गांधीजींच्या पाया पडावं हेही त्यांना पटत नव्हतं. परत गेल्यावर इंग्रज सरकारने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात यायला बंदी केली. ज्या मुंबईत जन्म झाला, ती मुंबई त्यांना परत दिसली नाही. तिकडे लोक म्हणत आपल्या देशात जा, आणि आपल्या देशाच्या दारावर तेच सरकार कुलूप लावून बसलं. परदेशी गेलेल्या माणसाचं हे दुःख समजून घ्या.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी आपल्या पाचही मुलांची नवज्योत, म्हणजे पारशी धर्माची दीक्षा केली. धर्म मानायचा नाही असं म्हणणाऱ्या त्यांच्या पक्षाने त्यावर जाहीर नापसंती दाखवली. मला यातून एकच दिसतं. या माणसाने गोऱ्यांत मिसळताना आपलं घर, आपला समाज टाकला नाही. परक्यात मिसळायचं म्हणजे स्वतःला पुसून टाकायचं नसतं.

आता आपल्या घरातली एक गोष्ट बोलायला हवी. पारशी म्हणजे सगळे सकलातवाला नव्हेत. १९१७ साली बडोद्याला बाबासाहेबांना पारशांच्या वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्या पारशांनीच बाहेर काढलं. आणि अमेरिकेत बाबासाहेबांचे जिवलग मित्र झालेले नवल भथेना, तेही पारशीच. समाज एक असतो, माणसं वेगळी असतात. बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनला शिकत होते. सकलातवाला निवडून आले ते याच दिवसांत. त्या शहराने एकाला पार्लमेंटात बसवलं आणि दुसऱ्याला ग्रंथालयात दिवसभर बसू दिलं. त्याच वेळी मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साच्यावर उभं राहू देत नव्हते. का, तर धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागतो, आणि आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नाही! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. सकलातवालांच्या पक्षाचं म्हणणं, की वर्ग मिटला की बाकीचे भेद आपोआप मिटतील. इथे मी नम्रपणे वेगळा आहे. माझ्या आजोबांनी गिरणीत रिंग खात्यात आयुष्य काढलं. संपात सगळे एक होते, पण पाण्याचा माठ वेगळा होता. मी स्वतः साच्यावर उभा राहिलो, तो बाबासाहेबांच्या लढ्यामुळे. गिरण्या गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले, पण माठ अजून पुरता फुटलेला नाही. तो विमानात बसून इंग्लंड-अमेरिकेला गेला. २०२३ साली अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला, तो उगीच नाही.

१९२९ साली सकलातवाला निवडणूक हरले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले, पण रस्त्यावरच्या सभा सोडल्या नाहीत. १६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. स्पेनमध्ये फॅसिस्टांशी लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला त्यांचं नाव देण्यात आलं. त्यांच्या अस्थी लंडनजवळ ब्रुकवूडच्या पारशी दफनभूमीत आहेत. तिथेच जमशेटजी टाटांचीही समाधी आहे. गिरणीमालक मामा आणि कामगारांचा भाचा, दोघे शेजारी विसावले आहेत. त्यांच्यानंतर तिथल्या पार्लमेंटात आशियाई वंशाचा माणूस निवडून यायला १९८७ साल उजाडावं लागलं. ५८ वर्षं!

त्या मुलाला मी फोनवर हेच सांगितलं. बाबा, तू पळू नकोस. आगगाडीतल्या माणसाला उत्तर देता आलं तर दे, नाही तर चार साक्षीदार गाठून तक्रार कर. खोलीतल्या पोरांसमोर आडनाव लपवू नकोस. जिथे काम करतोस तिथल्या युनियनचा सभासद हो. शेजारच्या गोऱ्या म्हातारीचं सामान उचलून दे. आणि दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो लाव. मिसळायचं, पण मान ताठ ठेवून मिसळायचं.

तो अजून तिथेच आहे. आता वेगळ्या खोलीत राहतो. मागच्या महिन्यात फोन आला, युनियनचा फॉर्म भरला म्हणून. या वर्धापन दिनी विहाराच्या बांधकामासाठी त्याने पैसेही पाठवले आहेत. आपल्या वस्तीतून पुढेही मुलं-मुली परदेशी जातील, जायलाच हवीत. त्यांच्या पेटीत लोणच्याची बरणी ठेवाल, तेव्हा ही गोष्टही ठेवा.

शापूरजी सकलातवाला यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम.