सुमंत मूळगावकर आणि ट्रकची तापलेली केबिन

जालन्याहून जिंतूर-परभणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंठा हे तालुक्याचे गाव लागते. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि दिवसभर उन्हात धावलेल्या ट्रकची केबिन रात्री उशिरापर्यंत भट्टीसारखी धुमसत राहते. टपाचा पत्रा सूर्यास्तानंतर लवकर निवतो; इंजिनाचे अवजड लोखंड मात्र कित्येक तास उष्णता सोडत असते. डिझेल, बॅटरी, ताडपत्री यांची राखण करायची असल्याने चालकाला किंवा क्लीनरला गाडी सोडून दूर जाता येत नाही. मग कुणी टपावर पथारी टाकतो, कुणी चेसिसखाली झोळी बांधतो, कुणी दोन्ही दारे उघडी ठेवून खिडकीला ओले गोणपाट लावतो. मराठवाड्यातील कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, म्हणून गोणपाटाचा हा उपाय काही काळ गुण देतो. चालकांच्या या मुक्कामाचा विचार करताना ज्यांनी भारतीय ट्रक घडविला, त्या सुमंत मूळगावकर यांचे स्मरण अपरिहार्य ठरते.

मूळगावकरांचा जन्म १९०६ मध्ये मुंबईत झाला. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते स्वदेशी परतले आणि सिमेंट उद्योगात शिरले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास परदेशी यंत्रसामग्री मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा सिमेंट कारखान्यांची यंत्रे येथेच बनविण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यांची ही जिद्द हेरून जे. आर. डी. टाटा यांनी १९४९ मध्ये त्यांना टेल्कोत आणले. रेल्वे इंजिने तयार करण्यासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ मध्ये कराराची मुदत संपली, त्या वेळी कंपनी स्वतःच्या नावावर उभी राहण्याइतकी समर्थ झाली होती.

पुण्याजवळचा पिंपरी-चिंचवडचा कारखाना ही मूळगावकरांची खरी निर्मिती. १९६६ पासून तेथे त्यांनी आधी प्रशिक्षण, हत्यारे आणि संशोधन यांचा पाया घातला. वाहनांचे उत्पादन नंतर सुरू झाले. उजाड माळावर हजारो झाडे लावली, तळे निर्माण केले. कारखान्यात झाडे आणि तळी कशाला, अशी शंका घेणाऱ्यांना पुढे तेथे उतरणाऱ्या पक्ष्यांनीच उत्तर दिले. राबणाऱ्या माणसाला सावली हवी, ही जाण त्यामागे होती.

दुपारच्या जेवणाच्या वेळी मूळगावकर महामार्गावरील धाब्यावर जात, ट्रकचालकांच्या पंगतीत बसत आणि गाडीविषयीच्या तक्रारी ऐकून त्यानुसार सुधारणा करीत, अशी कथा आजही सांगितली जाते. मात्र ज्या केबिनमध्ये चालक झोपतो, ती बहुतेक वेळा कारखान्यात तयारच होत नसे. कंपनीकडून इंजिन, चेसिस आणि पुढचा दर्शनी भाग घ्यायचा, उरलेली केबिन व हौदा स्थानिक कारागिराकडून लाकूड-पत्र्यात बांधून घ्यायचा, ही आपल्याकडील जुनी रीत. मालकाला ती स्वस्त पडे, गावोगावच्या सुतार-लोहारांना काम मिळे. पण उष्णतारोधक अस्तर, हवेची ये-जा, पाय पसरता येतील एवढी जागा यांचा विचार करण्याची जबाबदारी कुणाच्याच माथी नसे. त्यात अनेक गाड्यांमध्ये इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्येच आलेला, त्यामुळे चालकाच्या मांडीला दिवसभर धग लागे. गाडी दणकट झाली, दुरुस्तीला सोपी झाली, दुप्पट ओझे ओढू लागली; चालकाची झोप तेवढी हिशेबाबाहेर राहिली.

१९८६ मध्ये आलेल्या ४०७ या हलक्या ट्रकने जपानी सहकार्याच्या गाड्यांशी यशस्वी झुंज दिली. १९८८ मध्ये अध्यक्षपदाची सूत्रे रतन टाटा यांच्याकडे गेली आणि १९८९ मध्ये मूळगावकर निवर्तले. पुढे १९९४ मध्ये बाजारात आलेल्या सुमो गाडीला त्यांच्या नाव-आडनावातील आद्याक्षरे मिळाली. त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाच्या चळवळीत केलेले कार्यही तितकेच मोलाचे.

साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या नव्या मालवाहू ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली ती २०२५ मध्ये, म्हणजे मूळगावकरांच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनी. हा नियम नव्या गाड्यांपुरता आहे आणि इंजिन बंद केले की सामान्यतः गारवाही बंद होतो. रात्रभर इंजिन चालू ठेवणे ना मालकाला परवडते, ना बंदिस्त जागी सुरक्षित असते. त्यामुळे मंठ्यासारख्या गावांच्या वेशीवर झाडांची सावली, पिण्याचे पाणी आणि राखण असलेला वाहनतळ यांची गरज संपलेली नाही. अपुऱ्या झोपेने जड झालेले डोळे पहाटेच्या रस्त्यावर किती महागात पडतात, हे महामार्गावरील अपघात वारंवार दाखवून देतात. पिंपरीच्या माळावर आधी झाडे लावणाऱ्या अभियंत्याकडून एवढा धडा तरी घ्यायला हवा.