Explained: जमनालाल बजाज यांचा अकाली मृत्यू आणि रक्तदाबाचे २४ तासांचे घड्याळ

डिजिटल डेस्क, नागपूर : ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात जमनालाल बजाज यांचे निधन झाले. कारण होते मेंदूतील रक्तस्राव. वय अवघे ५२.

कोण होते जमनालाल?
जन्म १८८९चा, राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास गावात, गरीब घरात. वर्ध्याचे सेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच दत्तक घेतले. पुढे त्यांनी उद्योग उभारला, पण ओढा गांधीजींकडे होता. १९२०च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनात ते स्वागताध्यक्ष होते. १९२१मध्ये त्यांनी 'रायबहादूर' किताब परत केला, तर १९२३च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. १९२८मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले. अखेरच्या काळात बंगला सोडून ते गोपुरीत झोपडीत राहिले आणि गोसेवेत रमले.

रक्तदाबाचे घड्याळ कसे चालते?
निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. पहाटेपासून कॉर्टिसॉल वाढते, उठल्यावर अॅड्रेनलिनची भर पडते आणि दाब झपाट्याने चढतो. रक्तात गुठळी होण्याची शक्यताही याच वेळी वाढते. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११,८१६ झटक्यांच्या एकत्रित विश्लेषणात सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळेतील झटके अपेक्षेपेक्षा ४९ टक्के जास्त आढळले. मात्र झटका कोणत्याही वेळी येऊ शकतो.

तेव्हा आणि आता
१९४२मध्ये सीटी स्कॅन नव्हता. रक्तदाबाच्या आजच्यासारख्या परिणामकारक गोळ्या तर १९५०च्या दशकाच्या अखेरीस आल्या. आज सीटी स्कॅनमुळे गुठळी आहे की रक्तस्राव, हे काही मिनिटांत कळते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असेल तर तेच घातक ठरू शकते.

लक्षात ठेवा
- तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, अचानक तीव्र डोकेदुखी : थेट मोठे रुग्णालय गाठा.
- रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ डॉक्टरांना सांगा. झोपेतून उठताच त्रास जाणवला तर झोपण्यापूर्वीची वेळ धरली जाते.
- घरी रक्तदाब सकाळी आणि रात्री मोजा. गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका.

जमनालाल यांच्यामागे जानकीदेवींनी गोसेवेचे काम पुढे नेले. १९५६मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.