स्वप्नात हुकूम आला आणि कवी टिळक ख्रिस्ती झाले, पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात मोजली

आळंदीहून निघणारा ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग पंढरपूरवरून पुढे येतो आणि मोहोळला संपतो. मोहोळ ते पंढरपूर आज गाडीने तासाभराचा रस्ता. आषाढीला वारकऱ्यांनी भरून जाणाऱ्या याच पंढरपुरात, सव्वाशे वर्षांपूर्वी एक बाई आपल्या बहिणीकडे येऊन राहिली होती. सोबत लहान मुलगा. नवरा जिवंत होता, पण त्याच्याकडे जायची सोय नव्हती.

कारण नवरा ख्रिस्ती झाला होता.

ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. आणि नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' वाचलं असेल तर हे नाव तुम्हाला माहीत आहे. फुला-मुलांचे कवी ते हेच.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं. वडील तापट, आई कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली आणि पोरगा घर सोडून थेट नाशिकला आला. तिथे संस्कृत शिकला. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढे संसार कमी आणि भटकंती जास्त. आज ही नोकरी, उद्या ती. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला काही काळ काढला, धर्मचर्चेसाठी 'ऋषी' नावाचं मासिकही चालवून पाहिलं.

या माणसाला एका प्रश्नाने झोप लागू दिली नव्हती. माणसामाणसांत भेद करणारा धर्म खरा कसा? नवा धर्म आपणच काढावा, इथपर्यंत त्यांचं डोकं चाललं होतं.

तर झालं असं, की १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हातात 'नवा करार' ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करून गेला. तो कोण होता, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

टिळकांनी पुस्तक उघडलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. शत्रूवरही प्रेम करा, हे सांगणारा गुरू त्यांना सापडला होता. मग नाव न देता पत्रव्यवहार सुरू झाला, मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांच्याशी ओळख झाली. मन तयार होतं.

पण पाऊल उचलत नव्हतं. बाप्तिस्मा घेतला तर बायको जाणार, मुलगा जाणार, जात वाळीत टाकणार.

इथे येतं ते स्वप्न. टिळकांचे चरित्रकार सांगतात, की या घालमेलीत त्यांना एकच आदेश तीनदा झाला. त्याच्या मागे जा, भिऊ नकोस, असा त्याचा आशय. हा हुकूम आहे असं टिळकांनी मानलं आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आता तुम्ही म्हणाल, स्वप्नावरून कोण धर्म बदलतं?

पण आपल्याकडे हे नवीन नाही. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी गुरुमंत्र दिला तो स्वप्नात. ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं तेही स्वप्नातल्या भेटीनंतर. विशेष म्हणजे बहिणाबाईंची ही आत्मकथा पुढे इंग्रजीत आणली ती याच अॅबट साहेबांनी. इस्लाममध्येही स्वप्नाला मान आहे. स्वप्नांचा अर्थ सांगणाऱ्या युसुफची गोष्ट कुराणात आहे, तीच बायबलमध्ये योसेफच्या नावाने येते. इस्लाममधून ख्रिस्ती झालेल्यांच्या आठवणींत तर स्वप्नं वारंवार भेटतात. पाकिस्तानच्या बिल्किस शेख यांचं १९७८ चं आत्मकथन त्यासाठीच गाजलं.

या सगळ्या गोष्टींत एक धागा सारखा आहे. प्रश्न आधीपासून मनात असतो. स्वप्न नवं काही सांगत नाही, अडलेलं पाऊल उचलायचं बळ देतं.

पण स्वप्न एकालाच पडतं. घरातल्या बाकीच्यांना पडत नाही.

बाप्तिस्म्याची बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. सोवळं-ओवळं काटेकोर पाळणारी ती बाई. धाकट्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहायची वेळ आली, त्यातले काही दिवस पंढरपूरला गेले. याच काळात दुःख हलकं करायला त्या पद्यं रचू लागल्या. तिकडे टिळकांनाही चैन नव्हतं. १८६६ च्या कायद्याप्रमाणे, जोडीदार नांदायला आला नाही तर धर्मांतर केलेल्या माणसाला लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले.

शेवटी लक्ष्मीबाईंनीच ठरवलं आणि त्या टिळकांकडे नगरला आल्या. पण धर्म न बदलता. घरात सोवळं त्यांचं वेगळं. टिळकांनी बळजबरी केली नाही.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंना प्रश्न पडला. या जाती देवाने केल्या की माणसाने? विचार करत गेल्या आणि माणसाने, हे उत्तर मिळालं. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना वाट स्वप्नाने दाखवली, लक्ष्मीबाईंनी ती टक्क जाग्या डोळ्यांनी शोधली.

पुढचं टिळकांचं आयुष्य मराठी कवितेचं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानायचे, म्हणून त्यांची भजनं अभंगाच्या वळणाची. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी राहिले. १९१७ मध्ये टिळकांना पुन्हा दर्शनाचा अनुभव आला. त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. एका बाप्तिस्म्याने घर कसं तुटतं, हे त्यांनी भोगलं होतं.

९ मे १९१९ ला टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी, तब्बल ६४ अध्याय लिहून. शाळेची पायरी न चढलेल्या त्याच बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिलं, जे आजही मराठीतलं अव्वल आत्मचरित्र मानलं जातं.

टिळकांचं स्वप्न काय होतं ते चरित्रात एका ओळीत संपतं. त्या स्वप्नानंतर घरात काय झालं, हे समजून घ्यायचं असेल तर 'स्मृतिचित्रे' उघडा.