शिकलेली परिचारिका आणि रमाबाई रानडे

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी ३१ जानेवारी २०२१ रोजी पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली, कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याविना औषध देऊ नये, हा परिचर्येचा पहिलाच पाठ होय. परंतु असा पाठ गिरविण्यासाठी स्त्रीला आधी अक्षर यावे लागते, आणि शिकलेल्या स्त्रीने परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे समाजाला मानवावे लागते. या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात सहज घडल्या नाहीत, हे रमाबाई रानडे यांच्या चरित्रावरून ध्यानी येते.

देवराष्ट्र्याच्या कुर्लेकर घराण्यातील ही कन्या १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आली, तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी विवाह केला, ही टीका अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र त्याच पतीने तिला प्रथम मराठी व नंतर इंग्रजी शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही. त्यांचे टोमणे आणि अबोला सोशीत, उलट उत्तर न देता, रमाबाई शिकत राहिल्या. विद्येची किंमत अशा रीतीने मोजलेली असल्यामुळेच पुढे इतर स्त्रियांची अडचण त्यांना सांगावी लागली नाही.

जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती निवर्तले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन उभे राहिले आणि तेथील स्त्रिया, त्यांत कित्येक विधवा, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात परजातीच्या, परपुरुषाच्या देहास स्पर्श करणारे हे काम हलके मानले जाई. रमाबाईंनी आपली सारी प्रतिष्ठा या मुलींच्या पाठीशी उभी केली. त्यांच्या नावाला पुण्यात जो मान होता, तो नसता तर किती घरांनी आपल्या लेकीसुना तिकडे धाडल्या असत्या, याविषयी शंकाच वाटते. १९२४ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

परिचर्या म्हणजे केवळ माया नव्हे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ताडून पाहणे. औषध दिल्यावर नाडी, श्वास, रक्तदाब टिपणे. आणि शंका येताच डॉक्टरांना निःसंकोच विचारणे, हे सारे तीत येते. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकांच्या ज्या विषबाधेत अॅट्रोपिन द्यावे लागते, तेथे मात्रा एकदा ठरवून भागत नाही. छातीतील स्राव आटले का, नाडी किती वाढली, रुग्ण बरळू तर लागला नाही ना, हे पुनःपुन्हा पाहावे लागते. मात्रा कमी पडली तर विष उरते, अधिक झाली तर औषधच बाधते. रात्री दोन वाजता हा फरक प्रथम दिसतो तो खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेला, आणि तो तक्त्यावर उतरतो तिच्याच हाताने.