खाशाबांचा नमस्कार

आमच्या न्यू जर्सीतल्या ज्युदो वर्गात मॅटवर पाऊल टाकण्याआधी वाकायचं असतं. मुलाने विचारलं, “कशाला?” मी त्याला आपली तालीम सांगितली. तिथे लाल माती कपाळी लावतात, वस्तादांच्या पाया पडतात, मगच कुस्ती. मग कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६-१९८४) सांगितले.

१९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. खाशाबांनी मात्र कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि सरांचं घर सोडवलं.

मुलगा गप्प झाला. पुढच्या शनिवारी तो मॅटपाशी वाकला आणि घरी निघताना गुरुजींपुढेही, कुणी न सांगता.